शेवटच्या सामन्याचे रिकामे पान

मुलांनो, गेल्या रविवारी धाकटीने मला फोनवर विचारले, "आजी, मी स्कूलच्या टीममध्ये लेफ्ट विंगला आहे. तुला लेफ्ट विंग म्हणजे काय माहीत आहे?" मी म्हटले, "माहीत आहे. मैदानाच्या डाव्या कडेने पळायचं आणि चेंडू मधल्यांना आणून द्यायचा." तिकडे पर्थमध्ये फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग तुमच्या आईचा आवाज आला, "आई, हे तुला कोणी सांगितलं?"

ते सांगायला फोन पुरणार नाही, म्हणून लिहिते आहे. दुसरे कारण असे की पुढच्या महिन्यात मी मेडनहेडचे हे घर सोडून लहान फ्लॅटमध्ये जाणार आहे. सध्या कपाटे आवरते आहे. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचे वेगळे पाकीट असते, हे तुमच्या आईने तुम्हाला हसत हसत सांगितले असेलच. 'फुटबॉल' असे लिहिलेल्या पाकिटात एकच कार्ड आहे. ते कशाचे हे माझ्यामागे कोणाला कळणार नाही आणि ते रद्दीत जाईल. तसे व्हायला नको. मोठ्याला मराठी वाचायचा कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे. त्याला आईने वाचून दाखवावे.

आम्ही इंग्लंडला आलो तेव्हा तुमचे आजोबा हॉस्पिटलात डॉक्टर होते आणि मी घरी होते. मग लंडनच्या विमानतळाजवळ, हाउन्सलोला राहत असताना मी विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायचे काम केले. काट्याशेजारी सुरी, सुरीशेजारी चमचा, वर कागदी रुमाल. काम वाईट नव्हते, आणि माझे ट्रे कधी परत आले नाहीत. पण मी पुण्याला इंग्रजी घेऊन एम.ए. झाले होते, आणि दिवसभरात माझ्याशी इंग्रजीत बोलले जाणारे सर्वांत लांब वाक्य "बटर संपलं" हे होते.

आम्ही मेडनहेडला आल्यावर मला बसने अर्ध्या तासावरच्या एका सैनिकी कॉलेजच्या लायब्ररीत टायपिस्टची जागा मिळाली. ऐंशीचे दशक अर्धे सरले होते. लायब्ररीचे प्रमुख एक निवृत्त मेजर होते. उंच, वाळकुडे, बोलणे मोजके. मुलाखतीत त्यांनी माझी पदवी विचारली नाही. एक पान टाइप करायला दिले आणि ते उजेडाकडे धरून पाहिले. मग म्हणाले, "तीन महिने पाहू. वसंतातल्या मेळाव्यापर्यंत. त्यानंतर ठरवू." मेळावा म्हणजे जुन्या विद्यार्थ्यांचा वार्षिक दिवस. मला ती नोकरी किती हवी होती ते मी त्या वेळी तुमच्या आजोबांनाही पुरते सांगितले नव्हते. सकाळी त्या दारातून आत गेले की पुस्तकांचा आणि पॉलिशचा वास यायचा आणि मला वाटायचे, इथे मी आहे ती मी आहे.

पहिलेच मोठे काम मिळाले ते एक वही टाइप करण्याचे. पहिल्या महायुद्धाच्या काही वर्षे आधी कॉलेजच्या फुटबॉल संघाचा जो एक हंगाम झाला, त्याची ती हस्तलिखित वही. मेळाव्यात ती काचेच्या कपाटात संघाच्या फोटोखाली ठेवायची होती आणि टाइप केलेली प्रत शेजारी. मेजरांनी एकच सूचना दिली, "जे आहे तेच टाइप करा. जास्त नाही, कमी नाही."

वही संघाच्या सेक्रेटरीने लिहिलेली होती. तो स्वतः मैदानाच्या मध्यभागी खेळायचा. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, पण लिहिणे इतके नेटके की मला तो भेटण्याआधीच आवडला. भेटणे अर्थात शक्य नव्हते. प्रत्येक सामन्याला एक पान. सर्वांत वर वारा: दिशा आणि जोर. त्याखाली संघ, मग निकाल, मग शेरा. वाऱ्याला पहिली ओळ का, ते मला कळायचे नाही. वाटले, इंग्रज माणूस आहे, हवेपासून सुरुवात करणारच.

शेरे वाचून मी एकटीच हसत असे. पहिला सामना ते हरले, कारण चांगले दोघे शिक्षेच्या कवायतीवर होते. दुसरा हरले, कारण गोलरक्षकाचे नवे बूट त्याला चावत होते आणि तो चेंडूपेक्षा टाचांकडे जास्त पाहत होता. एकदा चेंडू नदीत गेला आणि पाहुण्यांचा कर्णधार बुटांसकट उडी मारून तो घेऊन आला. त्याबद्दल सेक्रेटरीने लिहिले होते, 'ही सभ्यता होती. तरी आम्ही त्यांना हरवले.' तो पहिला विजय. त्या सामन्यापासून संघात एक नवा मुलगा आला होता, लेफ्ट विंगला. त्याच्याविषयी शेरा असा: 'फार वेगवान. फार शिस्तीचा. शिटी झाली की पुतळा होतो.' त्यानंतर ते जिंकतच गेले.

मला खेळातले काही कळत नव्हते. संध्याकाळी मी प्रश्न लिहून घरी आणायची आणि तुमचे आजोबा जेवणाच्या टेबलावर बरण्या मांडायचे.

"हे मीठ म्हणजे गोलकीपर. हे जिरं त्यांचा बॅक. ही हळद आपला फॉरवर्ड. आता ही ऑफसाइड झाली."

"हळद मिठाच्या इतक्या जवळ गेलीच कशाला?"

"तेच तर चुकलं तिचं."

"मग तिला कोणी सांगत का नाही?"

"अगं, शिटी वाजवून सांगतात. सगळ्या मैदानासमोर."

तुमची आई तेव्हा दहा वर्षांची होती. ती म्हणाली, "बाबा, मग आमटीत काय घालायचं?" आणि आमचा तास संपला.

असे करता करता मी शेवटच्या पानावर आले. हंगामाचा शेवटचा सामना, शहरातल्या एका नावाजलेल्या क्लबशी. पान उघडले आणि माझे हात टाइपरायटरवरच थांबले. वर लिहिले होते: 'वारा पश्चिमेचा, जोराचा.' खाली अकरा जणांची नावे. त्यापुढे काही नाही. निकाल नाही, शेरा नाही. पुढची सगळी पाने कोरी.

मी वही मेजरांकडे नेली. "सर, हा सामना झाला की नाही?"

"माहीत नाही."

"निकाल दुसरीकडे कुठे सापडेल?"

"मी पंधरा वर्षांपूर्वी शोधला. सापडला नाही. जे आहे तेच टाइप करा."

मी तेच केले. पण फोटोखाली ठेवायचे नावांचे कार्ड टाइप करताना मात्र केले नाही, आणि चूक झाली ती तिथे.

यासाठी तुम्हाला माझ्या वडिलांबद्दल थोडे सांगायला हवे. ते शाळेत शिक्षक होते, आणि आमच्या भागातली लग्नपत्रिकांची प्रुफे त्यांच्याकडे तपासायला येत. मुलाला चि., मुलीला चि. सौ. कां., वडीलधाऱ्यांना श्री., आणि जे हयात नाहीत त्यांच्या नावापुढे कै., म्हणजे कैलासवासी. यात चूक त्यांना खपत नसे. एकदा कोणाच्या तरी आजोबांचे कै. राहून गेले, तर त्यांनी छापून झालेल्या सगळ्या पत्रिकांवर शाईने ते अक्षर घालायला आम्हा भावंडांना बसवले. "गेलेल्या माणसाला गेलेला म्हणणं हा त्याचा मान आहे," ते म्हणत. "नाहीतर वाटतं, घरात कोणाला पत्ताच नाही."

ती अकरा नावे मला तशीच उघडी लिहवेनात. कॉलेजच्या चॅपेलमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात, युद्धात पडलेल्यांच्या नावांची भिंत होती. एका दुपारी डबा न खाता मी तिथे गेले आणि यादी ताडून पाहिली. अकरातली सात नावे भिंतीवर होती. आमचा सेक्रेटरीही होता. उरले चार. मी त्यांच्या वयाचा हिशेब केला: नव्वदीच्या पुढे. मग मी ठरवून टाकले. इंग्रजीत दिवंगतासाठी जो शब्द नावापुढे लावतात, तो मी अकराही जणांना लावला आणि कार्ड फोटोखाली ठेवले. इंग्रज लोक जुन्या यादीत असे काही लिहीत नाहीत, हे तेव्हा मला माहीत नव्हते. मेळाव्याच्या गडबडीत मेजरांनी ते कार्ड वाचलेही नव्हते.

मेळाव्याच्या दिवशी मी राखाडी साडी नेसून आणि वर कार्डिगन घालून कपाटाशेजारी उभी होते. लोक येत, फोटो पाहत, चहाकडे जात. मग एक फार म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. बरोबर त्यांची भाची होती. ते कपाटासमोर थांबले ते थांबलेच. भाची म्हणाली, "मामा, चहा गार होईल." ते म्हणाले, "तू हो पुढे." मग माझ्याकडे वळले.

"बाई, हे कार्ड तुम्ही टाइप केलंत?"

"हो."

"सुबक आहे. कुठे खाडाखोड नाही."

"थँक यू."

"एकच अडचण आहे. शेवटचं नाव माझं आहे."

शेवटचे नाव म्हणजे लेफ्ट विंग. मी फोटोकडे पाहिले. उजवीकडे टोकाला एक बारीक मुलगा हाताची घडी घालून ताठ उभा होता. कान तेच होते. जिवंत माणसाच्या नावापुढे कै. लिहिले तर माझ्या वडिलांनी काय केले असते याची मला कल्पनाही करवेना, कारण तसे त्यांच्या हयातीत कधी घडलेच नव्हते.

मी माफी मागितली. मग, घाबरले की मी फार बोलते, म्हणून त्यांना सगळे सांगून टाकले: वडील, पत्रिका, चॅपेलची भिंत, वयाचा हिशेब. शेवटी म्हणाले, "आमच्याकडे असं म्हणतात, जिवंत माणूस गेल्याची बातमी पसरली की त्याचं आयुष्य वाढतं."

"कितीनं?"

"ते सांगत नाहीत."

"विचारून ठेवायला हवं होतं. मी एक्क्याण्णव वर्षांचा आहे. गुडघ्यांबद्दल काही म्हणतात का?"

तेवढ्यात मेजर आले. त्यांनी कार्ड वाचले, त्या गृहस्थांकडे पाहिले, आणि ते कोण हे त्यांना लगेच कळले. त्यांचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत गेला.

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं?" ते मला म्हणाले. आवाज हळू होता, त्यामुळे जास्त लागला.

"जे आहे तेच टाइप करायचं."

"मग हे काय आहे?"

तीन महिने त्याच शुक्रवारी पुरे होत होते. मला हाउन्सलोचे ट्रे दिसू लागले.

"तिला नंतर रागवा," ते गृहस्थ म्हणाले. "आधी मला ती वही पाहायची आहे. शेवटचं पान. मी ते कधी पाहिलेलं नाही."

मेजरांनी कपाट उघडले. मी वही टेबलावर ठेवून शेवटचे पान काढले. त्यांनी चष्मा बदलला. वरची ओळ वाचली. नावे वाचली. खालच्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवले आणि पुन्हा वर नेऊन वाऱ्याच्या ओळीवर ठेवले.

"त्यानं वारा लिहिलाय," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितले ते असे. हिवाळा होता, दिवस मावळत आला होता. बरोबरी झाली होती आणि काही मिनिटेच उरली होती. ते डावीकडून चेंडू घेऊन सुटले. समोरचा गोलरक्षक पुढे येऊन घसरला, त्याच्यामागे जाळे उघडे. एक लाथ मारायची, बस. तेवढ्यात त्यांना बिगूल ऐकू आला. मावळतीला कॉलेजचा झेंडा उतरवताना तो वाजे, आणि नियम असा होता की बिगूल कानावर पडला की असशील तिथे सावधान उभे राहायचे. मैदान नदीच्या पलीकडे, कॉलेजपासून दूर होते. तिथे बिगूल कधीच ऐकू येत नसे.

"मी उभा राहिलो. चेंडू पायाशी. मला पाहून बाकीचे उभे राहिले. कर्णधार उभा राहिला. आमचा गोलरक्षक उभा राहिला, हात बाजूला. अकराही जण. शहरातल्या लोकांना काही कळेना. त्यांनी क्षणभर वाट पाहिली. मग त्यांच्यातल्या एकानं माझ्या पायातून चेंडू घेतला, आमच्या मधून चालत चालत गेला आणि गोल केला. पळायचीही गरज पडली नाही त्याला."

मेजरांचा हात त्यांच्या नकळत, सावधानमध्ये असतो तसा, पँटच्या शिवणीला लागला होता.

"कपडे बदलताना दोघं म्हणाले, बिगूल वाजलाच नाही. तू घाबरलास. गोल चुकेल म्हणून थांबलास. मी म्हटलं, वाजला. आणखी कोणी काही बोललं नाही. सेक्रेटरी माझा मित्र होता, तोही बोलला नाही. पुढे सगळे पांगले, आणि मग विचारायला कोणी उरलं नाही. काही वर्षांनी मलाच शंका यायला लागली. रात्रीच्या शांततेत आठवून पाहायचो. वाजला होता का? एक्क्याण्णवाव्या वर्षी माणसानं दुसरं काहीतरी आठवायला हवं, असं माझी भाची म्हणते."

मी विचारले, "कॉलेज मैदानाच्या कोणत्या बाजूला होतं?"

"पश्चिमेला," ते म्हणाले. उत्तर मेजरांना द्यायचे होते बहुधा, पण त्यांच्या आधी यांनीच दिले.

'वारा पश्चिमेचा, जोराचा.' म्हणजे कॉलेजकडून मैदानाकडे येणारा. मी ती ओळ टाइप केली होती, दोनदा तपासली होती आणि मला ती रिकाम्या पानावरची उरलीसुरली सवय वाटली होती. त्या नेटक्या मुलाला हार लिहवली नव्हती, आणि मित्र चुकला असेही लिहवले नव्हते. जे नक्की होते तेवढे त्याने लिहिले होते.

त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला. मग मेजरांना म्हणाले, "या बाईंनी हे कार्ड असं लिहिलं नसतं, तर मी फोटो पाहून चहाला गेलो असतो." आणि मला म्हणाले, "तुमच्या वडिलांचा बिगूल वाजला आणि तुम्ही उभ्या राहिलात. मी तुम्हाला काय बोलणार?"

त्यांनी खिशातून शाईचे पेन काढले, कार्ड मागून घेतले आणि आपल्या नावापुढचा तो शब्द स्वतः खोडला. सरळ, पट्टीने ओढावी तशी रेघ. कार्ड पुन्हा फोटोखाली ठेवायला सांगितले. मेजरांनी ते ठेवले.

शुक्रवारी संध्याकाळी मी टाइपरायटरवर झाकण घालत होते. मेजर आले आणि माझ्या टेबलावर एक लहान पितळी किल्ली ठेवली. काचेच्या कपाटाची.

"सोमवारी नवं कार्ड करा," ते म्हणाले. "त्या शब्दाशिवाय. कोणाच्याच नावापुढे नको."

"आणि हे जुनं?"

"ते कॉलेजचं नाही. तशी सूचना मी दिली नव्हती." आणि ते गेले. नोकरीबद्दल त्यानंतर आमच्यात कधी बोलणे झाले नाही. मी तिथे पुढे बारा वर्षे होते.

तुमच्या आजोबांना घरी येऊन सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तू त्यांचं आयुष्य वाढवलंस. आम्हाला त्यासाठी सात वर्षं शिकावं लागतं."

आयुष्य वाढले की नाही मला माहीत नाही, पण ते गृहस्थ त्यानंतर पाच नाताळ पाहून गेले. दर नाताळाला त्यांचे कॉव्हेंट्रीहून कार्ड येई. सर्वांत वर वारा: 'दक्षिणेचा, मंद.' 'उत्तरेचा, बोचरा.' मग बाकीचा मजकूर, बहुतेक गुडघ्यांविषयी. मीही त्यांना तसेच लिही. आम्ही दोघे एकदा त्यांना भेटायला ट्रेनने कॉव्हेंट्रीला गेलो. तुमच्या आजोबांनी टेबलावरची मिठाची बाटली पुढे ओढून त्यांना तो शेवटचा सामना मांडायला लावला. अकरा जणांसाठी साखरेच्या वड्या लागल्या. सगळ्या वड्या उभ्या करून झाल्यावर ते म्हणाले, "आता कोणी हलू नका," आणि आम्ही तिघेही हललो नाही. चहा आणणारी बाई दारातच थांबली.

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या भाचीचे पत्र आले. मी ते मेजरांना दाखवले. त्यांनी वाचून परत दिले आणि खिडकीकडे पाहून विचारले, "आज वारा कुठला आहे?" मी बाहेर जाऊन पाहून आले आणि सांगितले.

मी निवृत्त झाले त्यानंतर लायब्ररी दुसऱ्या इमारतीत गेली. काचेचे कपाट निघाले. फोटो आणि वही कुठल्या तरी खोक्यात असतील. कुठल्या, ते मला माहीत नाही. मैदानावर आता घरे आहेत. मेजर नाहीत. तुमचे आजोबाही नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे.

कार्ड माझ्याकडे आहे. ते मी याच पाकिटातून धाकटीला पाठवते आहे. अकरा नावे आहेत, दहांच्या पुढे तो शब्द आहे, अकराव्याच्या पुढे शाईची रेघ आहे. शाई जराशी तपकिरी झाली आहे, पण रेघ अजून स्पष्ट दिसते.